धर्मेंद्रची वाघीण

“माय, कोनाले इचारून लावला वं हा शेंदूर?”

धर्मेंद्र बांधावरून एवढ्या जोरात ओरडला की मिरची तोडणाऱ्या बायांनी माना वर केल्या. पंचफुला दगडाच्या वाघिणीपुढे उदबत्ती खोचत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“देवाले शेंदूर लावाले इचारा लागते का?”

“देव कोनता? वाघीन हाय ते! म्या घडवली, माह्या हातानं!”

“मंग तुह्यासाठीच लावला न बाप्पा. उद्या ते नागपूरचे लोक पाहाले येऊन राहिले. वाघाईमायले म्हटलं, माह्या पोराचं काम होऊ दे, शेंदूर लावीन. मंग वाटलं, काम झाल्यावर काहून? आधीच लावून टाकतो. देवाशी घासाघीस नाई कराव.”

धर्मेंद्रने कपाळाला हात लावला.

भिवापूरच्या अलीकडे, जंगलाला लागून त्यांचं गाव. पोरगा नागपुरात मूर्तिकला शिकला होता, पण पोटासाठी सीताबर्डीतल्या कापड दुकानांना फायबरच्या बाया ओतून द्यायचा. साडी नेसवायच्या बाया त्या, त्यांना ना धड नाक ना डोळा. या कामाचा त्याला वीट आला होता. अशात एका संस्थेनं इथल्या रानातून, रीतीभातीतून सुचलेली शिल्पं घडवणाऱ्यांसाठी अनुदान काढलं. ते मिळालं तर वर्षभर बिनघोर दगडाशी झटायचं, आणि वाघीण नागपूरच्या प्रदर्शनात मांडायची. तयार शिल्प पाहून निवड होणार होती.

पावसाळा सरल्यापासून तो त्या काळ्या पत्थराला भिडला होता. नाल्यावर त्याने एकदा गाभण वाघीण पाहिली होती. मान वळवून कानोसा घेणारी, पोट जमिनीला टेकलेली. बरगड्यांवर ताणलेलं कातडं दिसावं म्हणून बारीक छिन्नी धरून त्याची बोटं सुजली होती. दोन दिवस तो बर्डीच्या कामाला गेला काय, तेवढ्यात त्या बरगड्यांवर तेलात कालवलेला शेंदूर बोटभर जाड बसला. डोळ्यांवर बाजारातले चांदीचे डोळे चिकटले. करायला गेला गणपती अन् झाला मारुती म्हणतात, तो हा असा.

तो घरून घासलेट आणि चिंधी घेऊन आला. चिंधी दगडाला लागायच्या आत यमुताई वावरातून धावत आली. मिरची तोडणाऱ्या बायांची ती पुढारीण.

“हात नको लावू गा! परवा शेंदूर लागला, तवापासून वाघीन वावरात नाई फिरकली. आमी जीव मुठीत धरून मिर्च्या तोडून राहिलो होतो. तू पुसशीन, अन् ते आमाले खाईन!”

“यमुताई, वनखात्यानं हाकलली तिले.”

“मंग वनखात्याले बुद्धी कोनं देल्ली?”

तोवर सरपंच भैय्याजीही आले. चार माणसं त्यांच्या मागे होती. “धर्मेंद्र, शेंदूर चढलेल्या देवावर हात टाकतं का? उद्या गावावर काही आलं तं कोन निस्तरन?” गाव करी ते राव न करी. धर्मेंद्रच्या हातातली चिंधी भैय्याजींनी हळूच काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या हिमानी मॅडम आल्या. बाई मनाने चांगली. तिने दुरूनच चपला काढल्या, पुढे येऊन हात जोडले, कपाळाला शेंदूरही लावून घेतला.

“छान देवस्थान आहे,” ती म्हणाली. “तुमचं शिल्प कुठे आहे?”

“हेच.”

त्याने मोबाइलमधले आधीचे फोटो दाखवले. तिने बरगड्यांचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

“फार सुंदर होती हो. पण पूजेतल्या मूर्तीला आम्हाला अनुदान देता येत नाही. निदान प्रदर्शनात तरी आणता येईल?”

“म्याडम, देव काही गाडीत बसून हिंडत नसते,” भैय्याजी मध्येच म्हणाले.

“दुसरं काही तयार आहे?”

धर्मेंद्रकडे दुसरं होतं काय? फायबरच्या बाया. निवड त्याच आठवड्यात व्हायची होती, नवा दगड काही तेवढ्यात बोलता होत नाही. जाताना मॅडम म्हणाल्या, “इथली संस्कृती मात्र खरंच जिवंत आहे!” आणि त्यांनी वाघाईचा फोटो काढला. ते बोलणं धर्मेंद्रला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

घरी पंचफुलेनं त्याच्यापुढे ताट ठेवलं, पण तो घास मोडेना.

“म्या बिघडवलं का रे बापू?”

हो म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती, आणि नाही म्हणावं एवढं मनही मोठं नव्हतं.

होळीपर्यंत वाघाईला ओटा झाला, वर टिनाचं शेड आलं. धर्मेंद्र पुन्हा बर्डीत बाया ओतायला लागला. पंचफुला मात्र आता मिरचीला जात नव्हती. ती देवीजवळ दिवा सांभाळायची. जन्मभर जिला कुणी बस म्हटलं नाही, तिच्या पाया लोक पडू लागले.

एका रविवारी धर्मेंद्र तिचा डबा घेऊन तिथे गेला, तेव्हा कन्हानहून एक कुटुंब नवस बोलायला आलं होतं. त्यातल्या बाईने नारळ हातात घेऊन विचारलं, “आजी, मूर्ती कोनं घडवली वं?”

पंचफुलेचा चेहरा उजळला. “माह्या पोरानं! हाच तो, माहा...”

बाईचा नारळाचा हात खाली आला. ती नवऱ्याकडे वळली. “ऐकलं का? घडवेलच हाय म्हनते. मले तं जागृत सांगितलं होतं.”

“काय बरळून राहिली वं बुढे!” यमुताई कडाडली. ओट्यावरच्या सगळ्या बाया पंचफुलेकडे पाहू लागल्या. म्हातारी दिव्यामागे अंग चोरून बसली. आपण पुन्हा काहीतरी बिघडवलं, एवढंच तिला कळलं.

धर्मेंद्रला ते पाहवलं नाही. त्याने डबा खाली ठेवला आणि पुढे झाला.

“बुढीच्या ध्यानात राहात नाई बाई,” तो म्हणाला. “स्वयंभू हाय. जमिनीतून निघाली. फोडा नारळ.”

नारळ फुटला. बाईने प्रसादाचं पहिलं खोबरं त्याच्याच हातावर ठेवलं.