सोमवारचे डाग

संगप्पाची फियाट गडद हिरवी होती आणि साखर पेठेत तिचं कौतुक संगप्पाइतकं दुसऱ्या कुणालाच नव्हतं. दोरखंडाचा व्यापारी माणूस. बैलगाड्यांना लागणारे सोल आणि कासरे विकायचा. दुष्काळ सरला, ऊस पुन्हा उभा राहिला, श्रीपूरच्या कारखान्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि संगप्पाच्या दारात फियाट आली. दर रविवारी तो श्रीपूरला माल पोचवायचा, दिवेलागणीला परत फिरायचा आणि घरी आल्यावर आधी गाडीकडे व मग बायकोकडे बघायचा. चंद्रव्वाला त्याचा राग येत नसे. एवढा मोठा पत्रा इतका गुळगुळीत करतात तरी कसा, याचंच तिला कुतूहल वाटायचं.

दिवाळीच्या सुमाराला त्या गुळगुळीत पत्र्यावर डाग उमटले. काही तांदळाएवढे, काही हरभऱ्याएवढे; चमक उडालेले आणि नखाला खडबडीत लागणारे. संगप्पानं मागचापुढचा विचार न करता शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे मल्लय्या राहायचा. अंगणातल्या भट्टीवर तो सूत रंगवायचा, आणि सूत रंगवायचं म्हणजे तेजाब आलं, वाफ आली.

"त्येच्याच वाफेनं माजी गाडी खाल्ली," संगप्पा म्हणाला. "मधलं दार बंदच करतो आता."

मधलं दार म्हणजे दोन अंगणांमधल्या भिंतीतलं ठेंगणं दार. जाता-येता वाकावं लागायचं, पण त्यातून ताकाचे तांबे गेले होते, आमटीच्या वाट्या आल्या होत्या. चंद्रव्वा बाळंतपणात अडली, तेव्हा मल्लय्याची बायको नरसम्मा याच दारातून धावत आली होती. नाहीतर ना बाळ राहिलं असतं ना आई. आता संगप्पानं मल्लय्याला चारचौघांत नाही नाही ते सुनावलं, विटा आणून दारापाशी रचल्या आणि गवंड्याला पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं. नरसम्माचं येणं त्याच दिवशी थांबलं. तोंडानं समजावून नवरा ऐकणाऱ्यांतला नव्हता, हे चंद्रव्वाला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

म्हणून ती गाडीच बघत बसली. बघता बघता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. वाफ वरून खाली बसते. मग डाग टपावर का नाहीत? भिंतीकडच्या दरवाजांवर का नाहीत? सगळे डाग होते ते बॉनेटच्या नाकावर आणि दिव्यांच्या भोवती. तिला आधी भस्माचाच संशय आला. दर सोमवारी पहाटे संगप्पा गाडीची पूजा करायचा. बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे, कुंकू, बेलाचं पान. संशय आल्याबरोबर तिनं स्वतःच्या गालात मारून घेतली, आणि मग हळूच पट्ट्यांची जागा तपासली. तिथला रंग ठणठणीत होता. देवानं वाचवलं, असं तिला मनापासून वाटलं.

सासऱ्यांचा जुना चष्मा तिनं डागावर धरला. डागाच्या कडेला काहीतरी चमकत होतं. तो एक पंख होता, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

उसाच्या पट्ट्यातून तिन्हीसांजेला येताना गाडीवर किडे आपटतात, हे संगप्पालाही ठाऊक होतं. पण किड्याची काय बिशाद पत्रा खायची, असं तो म्हणायचा आणि मंगळवारी सकाळी वाळलेली घाण दुकानातल्या काथ्यानं खसाखसा खरवडायचा. मंगळवारीच का? तर सोमवारी पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी पुसायची नाही, असा त्यानं स्वतःच घातलेला नेम होता. त्यामुळे रविवारी चिकटलेले किडे सोमवारचा अख्खा दिवस उन्हात भाजत पडायचे.

चंद्रव्वानं माहेरून आलेली रंगवलेली ट्रंक परसात नेली. जिवंत किड्याला ती हात लावणार नव्हती. दिव्याखाली मरून पडलेले किडे गोळा केले आणि "शिवा, माफ कर" म्हणत झाकणावर चिरडले. काही लगेच ओल्या फडक्यानं टिपले, काही उन्हात ठेवले. थाळ्याला तूप लावलं की वड्या कशा अलगद सुटतात, हे आठवून तिनं झाकणाच्या एका कोपऱ्याला तेलही चोळलं. तेलावर किडा चिकटला नाही, पण पेठेतली सगळी धूळ येऊन बसली. मग मेणबत्ती चोळून बघितली. ते मात्र जमलं. आणि जिथं किडे उन्हात वाळले होते, तिथं फियाटवरच्या डागांची सख्खी भावंडं उमटली. बिचारी ट्रंक कायमची देवी आल्यासारखी दिसू लागली, पण चंद्रव्वाला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

तरी ट्रंक म्हणजे गाडी नव्हे, असं नवरा म्हणणार, हे तिला दिसत होतं. म्हणून सोमवारी झुंजूमुंजू होताच, संगप्पा आंघोळीला गेलेला बघून, तिनं भिजवलेला जाड टॉवेल बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागावर पसरला. किडे भिजून मऊ झाले आणि जोर न लावता पुसले गेले. उजव्या अर्ध्या भागाला तिनं बोटही लावलं नाही. संगप्पा ओलेत्यानं आला, डोळे मिटून मंत्र म्हणाला आणि पूजा करून निघून गेला.

मंगळवारी गवंडी गारा कालवायला बसला, तेव्हा चंद्रव्वा म्हणाली, "आदी गाडी धुवा की. मग दार बुजवा."

संगप्पानं काथ्या घेतला तसा तिनं तो काढून घेतला आणि ओलं फडकं हातात दिलं. गाडी धुऊन झाली. डाव्या अर्ध्या भागावर जुने डाग तेवढे होते, नवा एकही नव्हता. उजव्या भागावर मात्र नवे डाग.

"वाफ काय निम्म्याच बॉनेटवर बसती व्हय?" चंद्रव्वानं विचारलं, आणि मग सगळं सांगितलं. ट्रंकही आणून दाखवली.

संगप्पानं वाकून आधी गाडी आणि मग ट्रंक बघितली. मग म्हणाला, "म्हंजे माज्या पूजेनं डाग पडले म्हन."

"पूजेनं न्हाय. पूजेच्या आदी धुतली न्हाय, म्हनून. देवाला आंगूळ घालूनच भस्म लावता की. गाडीलाबी आदी आंगूळ घाला. आन् रविवारी निघताना मेन चोळून जावा."

विटांना वळसा घालून संगप्पा वाकला आणि मधल्या दारातून पलीकडे गेला. चंद्रव्वा मागोमाग गेली.

मल्लय्याच्या अंगणात भट्टी नव्हती. तिच्या जागी फुटक्या विटा आणि राखेचा ढीग होता. मल्लय्या उठून उभा राहिला.

"अण्णा, तुमी बोलला त्याच दिवशी मोडली," तो म्हणाला. "मलाबी वाटलं, वाफ माजीच असंल. आता भाच्याकडं जाऊन रंगवतो. तुमची गाडी बरी हाय न्हवं?"

संगप्पाचा चेहरा उतरला. भट्टी मोडून इतके दिवस झाले होते, आणि डाग तर कालही पडले होते. चंद्रव्वाला नवऱ्याची दया आली आणि मल्लय्यासाठी तिचे डोळे भरून आले. माफी मागायची संगप्पाला सवय नव्हती. तो तसाच माघारी आपल्या अंगणात गेला.

तिथं गवंडी थापी घेऊन दारापाशी बसला होता.

"मालक, लावू का पयली वीट?"

संगप्पानं धोतर खोचलं आणि रचलेल्या विटांतल्या मावतील तेवढ्या स्वतःच उचलल्या.

"गाऱ्याचं घमेलं घे आन् तिकडं चल," तो वाकून दारातून जाता जाता म्हणाला. "भट्टी बांधायची हाय."