पूड आणि पंगत

आमच्या घरातले डॉक्टर रोग्याची जीभ बघतात, नाडी बघतात, डोळ्यांची पापणी उलटवून बघतात; चेहरा तेवढा बघायचा राहून जातो. त्या श्रावणात त्यांना हिवतापावर एक कडू साल सापडली होती. कोयनेल, म्हणजे दुकानातलं क्विनीन, महाग; या सालीची पूड स्वस्त. लागू पडली तर गोरगरिबांचं भलंच होणार होतं, पण आधी ती कुणीतरी घ्यायला हवी. नौपाड्यातला एकही शहाणा तोंड उघडीना. मग यांनी खाडीपलीकडे कळव्याला दवंडी पिटवली: आयतवारी या, पूड घ्या, पोटभर जेवा.

पावसात मिठागरं पाण्याखाली, हातांना काम नाही. होड्या भरभरून माणसं आली.

"बघितलंस? शास्त्राची केवढी हौस आहे लोकांना!" डॉक्टर म्हणाले.

"हौस लाडवाची आहे," मी बुंदी वळता वळता म्हटलं. ते हसले, मीही हसले. त्या दिवशी सगळ्यांना कशाचंही हसूच येत होतं.

नियम एकच होता. पूड गिळल्याशिवाय पान मिळणार नाही, आणि जेवायचं ते इथेच, घरी न्यायचं नाही.

अंगणात पंगतीमागून पंगत उठत होती. तिसऱ्या पंगतीत कपाळावर फडकं ओढून बसलेल्या एकाने माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "वैनी, तुमी दोघी दोघी कला वाढताव?"

वाढणारी मी एकटीच; दोघी कशाला वाढतात म्हणे! पंगत खो खो हसली. तोही हसला आणि हसता हसता शेजाऱ्याच्या पानावर कलंडला. "कानान घंटा वाजताय," तो म्हणाला, तशी पुन्हा हशाची लाट उठली. माझ्या हातून तूप सांडलं.

तेवढ्यात होडीतून उतरून एक बाई धापा टाकत दारात आली. दिवस भरत आलेले. "आमचं मानूस कुठं हाय?"

"नाव काय त्याचं?" डॉक्टरांनी विचारलं.

आता नवऱ्याचं नाव बाई घेईल का! मी पदर तोंडाला लावला. डॉक्टर बिचारे पूड घेणाऱ्यांच्या वहीतलं एकेक नाव घेऊ लागले. सहदेव? ती मान हलवी. गोविंदा? पुन्हा नाही. धाकू? बाई लाजून पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

"धाकू तर पहिल्याच पंगतीला जेवून गेला."

बाईने फडकंवाल्याकडे बोट केलं.

"छे, हा गोविंदा. मघाच्या पंगतीत असंच फडकं ओढून बसला होता तो सहदेव."

"मंग मी गोविंदाची बाईल कवा झाली?"

अंगण लोळलं. एकाला वरणाचा ठसका लागला. डॉक्टरांचं हसू मात्र मधेच थांबलं. तीन पंगती, तीन नावं, तीन वेळा पूड. त्यांनी धावत जाऊन धाकूचा हात धरला आणि नाडी बघितली.

"अरे, तीनदा का घेतलीस?"

धाकूने सदऱ्याखालून भाताचं गाठोडं काढलं. "एक जेवान माझा. दोन घरचं."

मग कुणी हसलं नाही. मला त्याची दया आली आणि संताप आला तो आमच्या नियमाचा.

"याला नका देव आता," त्याची बायको, रंगूबाई, म्हणाली. "मना द्या. मी गिळतंय."

"पोटुशीला नाही देता येत."

"मंग पान?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. "नियम असा आहे की..."

"नियम गेला चुलीत!" मी ओरडले. "रंगूबाई, आज तुमच्या सगळ्या वाडीला आमच्याकडे चूलबंद आमंत्रण. कुणी घरी चूल पेटवायची नाही. आधी जेवा. पूड ज्याला हवी त्याने मागून घ्यावी."

"पोट भरल्यावर कोण घेईल?"

"तेच तर बघायचंय."

पोरंबाळं आली, म्हाताऱ्या आल्या. लाडू संपले, मग गूळ वाढला. जेवणं झाल्यावर डॉक्टर पुडीचं ताट घेऊन उभे राहिले. लोकांनी ढेकर दिली, आशीर्वाद दिले आणि चपला शोधल्या. खराच ताप भरलेल्या एका म्हाताऱ्याने मात्र पुडीने काय होतं, काय बिघडू शकतं, सगळं खोदून विचारलं आणि मग घेतली. बाकी कुणी नाही.

धाकूची नाडी सरळ झाली तेव्हा आम्ही त्याला धक्क्यापर्यंत पोचवायला गेलो. तिथे त्याने हात पुढे केला. "द्या पूड. सगल्या घरानं खाल्लंय. फुकट कसं खावाचं?"

"नको. पुढच्या आयतवारी नुसता जेवायला ये," डॉक्टर म्हणाले.

"आनि तुमी पूड देली तं?"

"नको म्हणायचं."

धाकू गोरामोरा झाला. "तुमाला? डाक्तरला? तोंडावं?"

रंगूबाईने त्याला होडीत ओढलं. होडी सुटली. "म्हन, नाय घेत!" तिचा आवाज आला. तो काहीतरी पुटपुटला. "मोठ्यान!" मग पोरांनी फळ्या बडवायला सुरुवात केली आणि खाडीच्या मध्यावर अख्खी होडी हसत ओरडू लागली, "नाय घेत, डाक्तर, नाय घेत!"

डॉक्टर आ वासून उभे होते. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडले, "ऐकू येत नाही! अजून मोठ्याने!"