नावांचा रकाना

वासंतीबाईंनी पडद्यावरच्या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. आम्रपालीने ते राखलं, पहिलं पुसलं आणि पुढची जोडी उघडायला कळ दाबली. पडद्याच्या मधोमध निळं चक्र फिरायला लागलं. एकोणीस सेकंद. सकाळपासून दोघींनी मोजून पाहिले होते. कधी अठरा लागत, कधी बावीस, पण बहुतेक वेळा एकोणीसच.

या एकोणीस सेकंदांत वासंतीबाई बोलत.

"पहिलं तुझं होतं ना?"

"हो, मॅडम."

"वाटलंच. वाचताना खडा लागला दाताखाली."

चक्र थांबलं. नवी जोडी आली. वर इंग्रजी वाक्य, खाली त्याची दोन मराठी भाषांतरं, आणि प्रत्येकापुढच्या रकान्यांत नाव, तारीख आणि टीप. पहिल्यापुढे आम्रपाली, दुसऱ्यापुढे वासंती. वासंतीबाईंनी चष्मा नाकावरून खाली आणला, उजवीकडचं नाव वाचलं, मग डावीकडचं वाक्य वाचल्यासारखं केलं.

"दुसरं."

ही एकेचाळिसावी जोडी होती आणि एकेचाळीस वेळा दुसरंच राहिलं होतं.

नारायण पेठेतल्या या कचेरीत औषधांची माहितीपत्रकं, मिक्सर-कुकरच्या पुस्तिका आणि बँकांचे अर्ज मराठीत होत. आम्रपालीने भाषांतर करायचं, वासंतीबाईंनी ते बदलायचं, आणि प्रोग्रामने दोन्ही वाक्यं जपून ठेवायची, असं अकरा वर्षं चाललं होतं. या साठवणीला मेमरी म्हणतात. तेच इंग्रजी वाक्य पुन्हा आलं की प्रोग्राम जुनं मराठी काढून समोर ठेवतो. आता ही मेमरी इतकी फुगली होती, की साधं 'झाकण घट्ट लावा' शोधायलाही तो धापा टाकत होता. सॉफ्टवेअरवाल्या शुभंकरने तीनदा फोनवरून उपाय सांगितले, परस्पर बराच कचराही गाळला. शेवटी म्हणाला, सहाशे बारा वाक्यं अशी आहेत जी रोज लागतात आणि ज्यांची दोन-दोन भाषांतरं आहेत. कुठलं ठेवायचं ते मशीनला कळत नाही, म्हणून ते प्रत्येक वेळी अडतं. एकेक उडवा.

मालक दिग्विजयने यात स्वतःचं एक काम उरकून घेतलं. हल्ली पहिला खर्डा यंत्रच लिहून देत असल्यामुळे त्याला दोन माणसांची गरज नव्हती. तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, म्हणून ते त्याने आकड्यावर ढकललं.

"एक तारखेपासून एकच संपादक लागेल," सोमवारी सकाळी तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला होता. "साफसफाई झाली की ज्यांची वाक्यं जास्त शिल्लक राहतील, त्या राहतील. म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. निवड अर्थात वासंतीताई करतील. त्या सीनियर आहेत."

परीक्षा देणाराच पेपर तपासणार, यात त्याला काही वावगं दिसलं नाही. वासंतीबाईंनाही नाही. त्या चोवीस वर्षं इथे होत्या. रोज नऊच्या ठोक्याला कुलूप त्याच उघडत, किल्ली पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात असे. घरी भाऊ आणि भावजय होते. तिथे त्यांना कुणी काही विचारत नसे, इथे लोक विचारायला येत.

आम्रपालीने मान हलवली होती आणि संगणक सुरू केला होता. तिची मुलगी हिरा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, नवरा समाधान ज्या कारखान्यात होता तो दिवाळीपासून बंद होता. दुसरीकडे अर्ज करायचा तर कामाचा गोषवारा मागत, आणि तिच्या गोषवाऱ्यात वासंतीबाईंच्या दुरुस्त्यांचं प्रमाण दर शंभर वाक्यांमागे ऐंशीच्या घरात होतं. ते वाचून तिला कोण उभं करणार? बायकोला नवऱ्याने हाक मारावी तशी दर एकोणीस सेकंदांनी तिला हाक येत होती. "दुसरं."

बेचाळिसाव्या जोडीला चक्र फिरायचं थांबेचना. मिनिट गेलं, दोन गेली.

"तुझ्यासारखंच आहे हे," वासंतीबाई म्हणाल्या. "विदर्भातून आणलंय का?"

आम्रपालीने शुभंकरला फोन लावला. तो म्हणाला, नाव, तारीख, टिपा हे सगळे कॉलम बंद करा, नुसती वाक्यं ठेवा, थोडं पळेल.

"मॅडम, नावांचा कॉलम बंद करू का? तो म्हणतोय, त्यानेही वेळ जातो."

तिने खरोखर साधेपणाने विचारलं होतं. त्या क्षणापर्यंत तिच्या मनात काही नव्हतं.

"कर की," वासंतीबाई म्हणाल्या. "मला मराठी नाव वाचून कळत नाही. कानाने कळते."

रकाना गेला. चक्र चार सेकंदांवर आलं. नावांचा क्रम गेल्यामुळे कुठलं वाक्य वर, कुठलं खाली, हेही आता प्रोग्राम मनाला येईल तसं ठरवू लागला. बेचाळिसावी जोडी उघडली.

'गोळी चावू नका. पाण्याबरोबर अख्खी गिळा.'

'गोळीचे चर्वण न करता ती पाण्यासमवेत संपूर्ण स्वरूपात सेवन करावी.'

वासंतीबाईंनी दोन्ही मोठ्याने वाचली. दुसऱ्याशी येताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"चर्वण! अगं, रोगी आहे तो, रवंथ करणारी म्हैस नाही. तालुक्याच्या कचेरीत बसून परिपत्रक लिहितेस का? पहिलं ठेव. बघ, असं लिहायचं असतं. अकरा वर्षं माझ्याशेजारी बसून हे शिकली नाहीस."

आम्रपालीचं बोट कळीवर थांबलं. गोळी चावू नका, हे तिने लिहिलं होतं. कुठल्या महिन्यात, कुठल्या कंपनीचं पत्रक, सगळं तिला आठवत होतं. चर्वण वासंतीबाईंचं होतं. तिने बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या, चेहऱ्यावर शिक्षा करून झाल्यावरचं समाधान होतं.

सांगायला हवं होतं. मॅडम, हे तुमचं आहे, एवढंच. तिने ओठ ओलेही केले.

"पहिलं ना?" तिने विचारलं.

"पहिलं. दुसरं उडव."

तिने उडवलं.

पुढच्या दोन तासांत वासंतीबाईंनी वासंतीबाईंची शंभरावर वाक्यं मारली. प्रत्येक वाक्य मारताना त्या आम्रपालीला काहीतरी सुनवत. 'अवलोकनार्थ' वाचून म्हणाल्या, जिल्हा परिषदेची शाळा काही सुटत नाही. 'विद्युतपुरवठा खंडित करावा' वाचून म्हणाल्या, तुमच्याकडे वीज आली कधी? आम्रपाली सगळं ऐकून घेत होती आणि तिच्या तळव्यांना ऊब येत होती. तिला मजा वाटत होती. असली मजा आपल्याला वाटू शकते, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याची लाजही फारशी वाटली नाही.

मात्र एक गोष्ट तिला हळूहळू कळत गेली आणि ती तिला मुळीच नको होती. बाईंचा कान खरोखर चांगला होता. नाव झाकलेलं असताना त्या चुकत नव्हत्या. पोकळ वाक्य त्यांना लगेच कळे आणि जिवंत वाक्यापाशी त्या आपोआप थांबत. म्हणजे अकरा वर्षं त्यांना हे ऐकू येत होतंच. तरीही त्यांनी बदललं होतं. आम्रपालीच्या मनात कुठेतरी अजून होतं, की बाईंना मनापासून तसंच बरोबर वाटतं म्हणून त्या बदलतात, त्यांची आवड वेगळी आहे. ते मंगळवारी दुपारी संपलं.

मंगळवारी कुकर आला.

'वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण उघडू नका.'

'बाष्पदाब शून्यावर आल्याखेरीज झाकण विलग करू नये.'

"जिरल्याशिवाय," वासंतीबाई स्वतःशी म्हणाल्या. "वा. हे कुकर वापरणाऱ्या बाईने लिहिलंय." मग आम्रपालीकडे वळल्या. "आणि तू काय केलंस? बाष्पदाब. बाष्पदाबाने डोकं फिरलं का तुझं?"

ज्या दिवशी तिने 'जिरल्याशिवाय' लिहिलं होतं, त्या दिवशी वासंतीबाई तिच्या टेबलापाशी आल्या होत्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, तुमच्याकडे वाफ जिरते वाटतं, आमच्याकडे माज जिरतो. खोली हसली होती. आम्रपाली त्या संध्याकाळी स्वारगेटला उतरायच्या ऐवजी पुढे कात्रजपर्यंत गेली होती आणि तिथून उलट परत आली होती.

"चुकलं, मॅडम," ती आता म्हणाली.

"अकरा वर्षं चुकतंच आहे."

बुधवारी दुपारनंतर थोडीच उरली. बाई दमल्या होत्या, टोमणे कमी झाले होते. पाचशे नव्वदच्या पुढे एका रुग्णालयाचं संमतिपत्र आलं. वरचं वाक्य असं होतं:

'तुम्हाला नको असेल तर कधीही नाही म्हणा. कारण सांगायची गरज नाही.'

खालचं त्यांनी वाचलंच नाही. वरचं पुन्हा वाचलं, या खेपेला हळू.

"बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी कागदांवर मी सह्या केल्या होत्या," त्या म्हणाल्या. "एक अक्षर कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी येऊन मी हे लिहिलं असणार. मला आठवतंय. खिडकीशी बसले होते." त्यांनी चष्मा काढला. "माझंच ना गं हे?"

पहिल्यांदाच 'गं' म्हणाल्या.

हे वाक्य आम्रपालीने बसमध्ये लिहिलं होतं, तिकिटामागे, सासूच्या बिछान्याशी रात्र काढून कामावर येताना. खिडकीशी बसायला जागाही नव्हती. बाईंनी ते त्याच दिवशी बदललं होतं. आता बावीस जोड्या उरल्या होत्या. आकडा केव्हाच फिरला होता, आता खरं सांगितलं तरी तिची जागा जाणार नव्हती. बाई निदान दिग्विजय यायच्या आधी सावरून बसल्या असत्या.

"ठेवायचं ना?" आम्रपालीने विचारलं.

"हो तर," वासंतीबाई म्हणाल्या.

साडेपाचला सहाशे बारावी जोडी संपली. प्रोग्राम एकदा बंद करून पुन्हा उघडला तर तो चटकन उघडला. दिग्विजय त्याच्या खोलीतून हात चोळत आला, उभ्यानेच माऊस घेतला आणि बंद केलेले रकाने परत चालू केले.

"हं, आता बघू. एकूण..." तो थांबला. त्याने आकडा दुसऱ्यांदा काढला. "वासंतीताई, एकशे नऊ. आम्रपाली, पाचशे तीन. हे उलटं झालंय का?"

वासंतीबाई पुढे झुकल्या. नावांचा रकाना पडद्यावर वरपासून खालपर्यंत भरला होता. पहिल्या एकेचाळीस ओळींत वासंती. मग आम्रपाली, आम्रपाली, आम्रपाली. त्या वाचत खाली गेल्या. गोळी चावू नका. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय. संमतिपत्राच्या ओळीपाशी त्या बराच वेळ थांबल्या. त्यांचा चेहरा आम्रपालीला बाजूने दिसत होता, आणि तो पाहायला तिने खुर्ची थोडी वळवली.

"मी शुभंकरला विचारतो," दिग्विजय म्हणाला. "बॅकअप असेल कुठेतरी. आपण परत..."

"काही गरज नाही," वासंतीबाई म्हणाल्या. "निवडलंय मी. माझ्या कानाने निवडलंय."

दिग्विजयची सुटका झाली. फोन करायचा म्हणून तो खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

वासंतीबाईंनी पर्स उघडली, वेगळ्या कप्प्यातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली. उठायला म्हणून त्यांनी हात टेकला आणि नजर पुन्हा पडद्याकडे गेली. नावापुढे तारीख होती आणि तारखेपुढे तिसरा रकाना, टिपांचा. आम्रपालीच्या राहिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे त्यांचीच टीप होती, त्या-त्या दिवशी दुरुस्ती करताना लिहिलेली. गोळीपुढे: 'ही मराठी नव्हे.' वाफेपुढे: 'स्वयंपाकघर घरी ठेवून यावे.' संमतिपत्रापुढे: 'या बाईंना भाषा शिकवणे व्यर्थ.' प्रत्येकीखाली त्यांचं पूर्ण नाव.

"हे नवीन माणसांना दिसतं?" त्यांनी विचारलं.

"वाक्य उघडलं की दिसतं, मॅडम. सगळ्यांना."

वासंतीबाईंनी पदर खांद्यावर घेतला, मग पुन्हा घेतला. चोवीस वर्षांत त्यांनी या खोलीत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कसं मागतात हे त्यांना नीटसं ठाऊक नसावं.

"तेवढ्या टिपा काढशील? आम्रपाली? जमलं तर."

आम्रपालीने कळ दाबली. पुढचं वाक्य बोट उचलायच्या आत उघडलं. तिने पुन्हा दाबली. त्यापुढचंही तसंच उघडलं.

"बघते," ती म्हणाली. "पण वेळ लागेल, मॅडम. मशीन फार हळू आहे."

वासंतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. तिथे त्यांच्या टिपांसकट एकामागून एक वाक्यं झरझर उघडत होती. त्यांनी मान डोलावली.

"थांबते मी," त्या म्हणाल्या, आणि पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत परत बसल्या.