मधली जागा

तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर गिअरचं सांगायचं राहून जाईल, आणि सगळी गोष्ट त्या गिअरपाशीच तर अडलीये.

आपल्या त्र्यंबक नाक्यावर देवराम टॅक्सी लावतो बघ, ती जुनी डॉज, बॉनेटवर धातूचा मेंढा बसवलेली, पुढंमागं माणसं कोंबून त्र्यंबकेश्वरला नेतो, तो देवराम. आज त्याच्या गाडीत बसलास तर तुला वाटेल हा मुकाच आहे. पण तसा तो नव्हता रे. एक्याऐंशी सालापर्यंत नाक्यावरचा सगळ्यात वटवट्या ड्रायव्हर तोच होता. फक्त सकाळच्या एका फेरीला गप्प असायचा, आणि ती फेरीच त्याची खरी.

तर त्या डॉजला पुढं एकच सलग सीट, कोचासारखं. आणि गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांड्यालाच. हातगिअर. म्हणजे पायाशी सगळं मोकळं. ड्रायव्हर, शेजारी एक, खिडकीला एक, तिघं पुढं आरामात. हे डोक्यात ठेव.

मधल्या जागेवर बसायची चांगुणा. अंजनेरीच्या शाळेत मास्तरीण, गंगापूर रोडकडून पायी नाक्यावर यायची, छत्री काखेत आणि वह्यांची कापडी पिशवी हातात. आता लग्नाच्या वयाची पोरगी ड्रायव्हरशेजारी कशी बसेल? बसलीच नसती. पण तिच्याबरोबर त्याच शाळेतल्या शिपाई मालनबाई असायच्या, आणि मालनबाईंना गाडी लागायची. सातपूर आलं की त्यांचं तोंड पिवळं पडायचं, हातात लिंबू, डोळे मिटलेले, मुंडकं खिडकीबाहेर. त्यांना खिडकी दिल्याशिवाय गत्यंतरच नाही. मग चांगुणा मध्ये.

पहिल्या दिवशी तिनं काय केलं, वह्यांची पिशवी दोघांच्या मधोमध उभी केली. भिंतच घातली म्हण. देवरामनं दुसरा गिअर टाकला की त्याचं कोपर त्या पिशवीला लागायचं, आणि तो मनातल्या मनात पिशवीची माफी मागायचा. खोटं सांगत नाही, त्यानंच मला सांगितलंय.

असं वर्ष गेलं. बोलणं म्हणशील तर नाहीच. ती वह्या तपासायची, ओठातल्या ओठात पाढे म्हणायची, आणि डॉजचं पेट्रोल इंजिन इतकं गुपचूप चालायचं की याला तिचे पाढे ऐकू यायचे. एकोणतिसाच्या पाढ्यात ती एके ठिकाणी दरवेळी अडखळायची, तिथं हा गाडी जरा हळू करायचा. नाक्यावरच्या बाकी सगळ्या बाया त्याला देवरामभाऊ म्हणायच्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. चांगुणा नाही. ती 'अहो' पण म्हणायची नाही आणि 'भाऊ' पण नाही, नुसतं "इथं थांबवा" म्हणायची. त्या एवढ्याशावर तो दिवस काढायचा.

आणि मग एकदा थंडीत, काही कारण नाही काही नाही, तिनं बसल्यावर पिशवी मध्ये ठेवलीच नाही. मांडीवर घेतली. बस, एवढंच. तू हसतोयस. पण देवराम त्या दिवशी अंजनेरीला थांबायचंच विसरला आणि सरळ पुढं निघाला, मागच्या सीटवरचे भटजी ओरडले तेव्हा कुठं मागं फिरला.

त्याला काही सरळ विचारता येत नव्हतं, हेही खरं. ती बौद्ध कॉलनीतली, हा कुणब्याच्या घरातला. दोन्हीकडं कुणी हसून सोडून दिलं असतं असली गोष्ट नव्हती ती. म्हणून त्याच्याजवळ होतं ते एवढंच, नाका ते अंजनेरी, आणि ती मधली जागा.

आता गाडी. डॉज पेट्रोल प्यायची नाही, ढोसायची. वर इंजिन बोरला आलेलं, म्हणजे आतनं झिजलेलं, धूर नुसता. लाइनीवरच्या सगळ्यांनी एकेक करत डिझेल इंजिनं बसवून घेतली, आणि देवरामचा थोरला भाऊ सहादू, गाडी दोघांच्यात ना, तो एक दिवस म्हणाला की आता आपणही बसवायचं, मेटाडोरचं इंजिन मिळतंय, गिअरबॉक्ससकट. देवरामला कशाला वाईट वाटणार? त्याला वाटलं बरंच झालं, गाडी दमदार होईल, मास्तरीणबाईंना चढाला ढकलगाडी वाटायची नाही.

गाडी गेली वडाळा नाक्याला, कोंडाजी मिस्त्रीकडं. चेन-पुलीला टांगून जुनं इंजिन वर काढलं, नवं आत सोडलं, आणि देवराम चहा आणायला गेला. परत येऊन बघतो तर कोंडाजी पुढच्या सीटच्या मधोमध, पायाच्या पत्र्यावर खडूनं गोल काढतोय. देवरामनं विचारलं हे काय. कोंडाजी म्हणाला, इथनं गिअरची दांडी वर येणार, मेटाडोरचा गिअर खालीच असतो.

देवराम त्या खडूच्या गोलाकडं बघत राहिला. चहा गार झाला. कारण ज्या ठिकाणी तो गोल होता ना, तिथं चांगुणाचे पाय असायचे.

"मिस्त्री, गिअर हातातच ठेवा."

"येडा झाला का तू? चार गिअर हायेत याला. जुन्या दांड्याला तीनच घरं."

"चौथं करा."

कोंडाजीनं पाना खाली ठेवला. सगळं समजावलं त्यानं, की लोखंडी सळया जोडून हातगिअर करता येईल, अगदीच येत नाही असं नाही, पण सांध्यातल्या बुशी झिजतील, चढाला गिअर अडकेल, शिव्या मला देशील. देवराम ऐकेना. शेवटी त्यानं सहादूला पुढं केलं. त्याला सांगितलं, दांडी मध्ये आली तर पुढचा एक पॅसेंजर कायमचा गेला. सहादूला ते लगेच पटलं. म्हणाला, पोरगं धंद्याला लागलं आता. देवरामनं मान खाली घातली.

कोंडाजीनं केलं बाबा काम. शिव्या घालत केलं, पण केलं. तेवढे दिवस चांगुणा एसटीनं जायची, आणि हा नाक्यावर येऊन उगाच पानाच्या ठेल्याशी उभा राहायचा. एसटी सुटली की ती खिडकीतून एकदा टॅक्सीच्या रांगेकडं बघायची. आपल्याकडंच बघते का गाडी आली का बघते, ते त्याला कळायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत तो ते कळायला जायचा.

आता पुढं त्यानं जे केलं ना, ते त्याच्याशिवाय कुणी केलं नसतं. गाडी तयार होत आली तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, डिझेलचा वास. इंजिन आणि पायाच्या मधल्या पत्र्याला जुन्या सळयांची भोकं होती, कितीतरी वर्षांची उघडी. त्यातून वास आत येणार, मास्तरीणबाईंना त्रास होणार. मग हा स्वतः बसला. टायरची रबरं कापून बुचं केली, तारेनं आवळली, डांबर लावलं. एकेक भोक हात फिरवून बुजवलं. कोंडाजी म्हणाला, लग्नाची गाडी हाय का रे. देवराम नुसता हसला.

आणि पहिला दिवस आला. डॉज धुतलेली, मेंढ्याला झेंडूची माळ, इंजिन असं धडधडतंय की नाक्यावरची कुत्री उठून बसली. चांगुणा आली, मालनबाई आल्या. मालनबाई लिंबू घेऊन खिडकीला, चांगुणा मध्ये, पिशवी मांडीवर. पाढे काही ऐकू आले नाहीत, त्या आवाजात कसले ऐकू येतात, पण चौथा गिअर पडला तेव्हा तिनं दांड्याकडं बघून विचारलं, हातातच ठेवला? तो म्हणाला, हो. तिनं पुढं विचारलं नाही. बास, त्याचं सगळं फिटलं.

पण सातपूर गेलं, महिरावणी आली, आणि मालनबाईंना काहीच झालं नाही.

कळलं का तुला? आयुष्यभर त्यांना गाडी लागत नव्हतीच. त्या फुटक्या पत्र्यातून येणारा पेट्रोलचा वास लागत होता. आणि ती भोकं यानं स्वतःच्या हातानं बुजवलेली.

दोन-तीन दिवस मालनबाईंनी वाट बघितली, मग लिंबू आणायचं सोडलं. आणि एका सकाळी त्या दार उघडून आधी आत सरकल्या आणि मध्ये बसल्या, ऐसपैस. चांगुणा बाहेरच उभी.

"बस पोरी खिडकीशी. आजवर माझ्या पोटापायी तिथं बसली तू. चार माणसं बघत्यात, डायवरशेजारी बरं दिसत नाय. देवरामा, लय पुण्य लागंल रे तुला. मी अंजनेरीचा डोंगर आज पहिल्यांदा डोळे उघडून बघनार."

त्यांनी खरंच डोंगर बघितला. रोज बघायच्या. शेंगा फोडून खायच्या, सुनेच्या तक्रारी सांगायच्या, आणि दोन शेंगा देवरामच्या हातावर ठेवायच्या. चांगुणा खिडकीला. मालनबाईंच्या पलीकडून त्याला तिची फक्त वेणी दिसायची आणि वाऱ्यानं उडणारा पदर. तिनं त्या आठवड्यात मालनबाईंना रोज विचारलं, खिडकी नको का तुम्हाला, उकडत नाही का. मालनबाई म्हणायच्या, नाय गं, लय झ्याक वाटतंय.

तेवढ्यात एप्रिलच्या शेवटी मालनबाईंकडूनच त्याला कळलं, चांगुणाची बदली झाली. कळवणला. शाळेला सुट्टी लागली की संपलं, जूनपासून तिकडं. हे शेंगा खाता खाता सांगितलं त्यांनी.

त्या दुपारी त्र्यंबकेश्वरच्या स्टँडवर गाडी नंबरात लावली, बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली पत्ते कुटत होते, आणि देवराम पुढच्या सीटखाली वाकला. मधल्या जागेच्या पायाशी जे बूच होतं ना, सगळ्यात मोठं, त्याची तार सोडली. बूच काढून तिथंच बाजूला टाकलं. परत लावलं. परत काढलं. एका पत्तेवाल्यानं विचारलं काय हुडकतो रे, तर म्हणाला, काही नाही. आणि उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपूरच्या पुढं मालनबाई शेंगा खायच्या थांबल्या. मग बोलायच्या थांबल्या. मग पदर नाकाला. बेळगाव ढग्याच्या अलीकडं त्यांनी याचा हात धरला, स्टिअरिंगवरचा, आणि नुसती मान हलवली. त्यानं गाडी बाजूला घेतली. मालनबाई रस्त्याच्या कडेला बसून ओकल्या रे, डोळ्यातून पाणी, चांगुणा पाठीवरून हात फिरवतेय, आणि देवराम पाण्याची बाटली घेऊन उभा, ती पुढं करायचीसुद्धा त्याची छाती होईना. मालनबाई म्हणाल्या, माझं नशीबच असलं, चार दिवस सुख बघितलं.

मग त्या खिडकीला. चांगुणा मध्ये.

बघ, त्याला हवं होतं ते मिळालं होतं. पण त्याला मान वळवता येईना. गाडी निघाली आणि चांगुणानं पायाशी बघितलं. भोक बघितलं. शेजारी पडलेलं बूच बघितलं, त्याची सोडलेली तार बघितली. मास्तरीण ती, पोरांच्या खोड्या पकडण्यात दिवस जायचा तिचा. ती वाकली आणि बूच उचलून मुठीत घेतलं.

देवरामला वाटलं, आता ती गाडी थांबवायला सांगणार. किंवा भाऊ म्हणणार. त्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिनं चप्पल काढली. ती भोकावर ठेवली आणि वर पाय दाबून बसली.

वास बंद झाला. मालनबाईंनी डोळे उघडले, म्हणाल्या वारा लागला तर बरं वाटलं. खालून इंजिन तापलेलं, धग येत असणार, पण चांगुणानं पाय हलवला नाही, आणि पिशवी मांडीवरच होती. बूच लावायचं असतं तर ते मुठीतच होतं की तिच्या. लावलं नाही. देवरामनं गाडी इतकी हळू नेली की मागचे कुरकुरायला लागले, आणि चढाला कोंडाजी म्हणाला होता तसा गिअर अडकलाच, दुसऱ्यात. त्यानं तो सोडवलाही नाही. दुसऱ्यातच गाडी घोंगावत अंजनेरीपर्यंत नेली.

तिथं मालनबाई उतरून शाळेकडं चालायला लागल्या. चांगुणा उतरली, चप्पल घातली, आणि दार लावायच्या आधी बूच त्याच्या हातावर ठेवलं. रबर गरम झालं होतं तिच्या मुठीत.

"उद्या शेवटचा दिवस शाळेचा," ती म्हणाली. "मालनबाईंना त्रास व्हायला नको." आणि जरा थांबून म्हणाली, "मी एसटीनं येईन."

भाऊ नाही म्हणाली. तिथंच उभी राहिली, दारावर हात ठेवून. म्हणजे लगेच गेली नाही, हे तो अजून शपथेवर सांगतो. आणि याच्या तोंडून शब्द फुटेना. नाव, माफी, कळवणचा पत्ता, काहीच. मागून एसटीनं हॉर्न मारला, याच्या गाडीनं रस्ता अडवला होता. यानं सवयीनं क्लच दाबला, आणि इतका वेळ अडकलेला गिअर, काय सांगू, एका बोटानं पहिल्यात पडला, आणि गाडी निघाली.

बूच दुसऱ्या दिवशीच बसवलं त्यानं, पक्कं. मालनबाई अजून मध्ये बसतात, शेंगा देतात. हातगिअर रोज अडकतो, कोंडाजी रोज म्हणतो आता खाली घे दांडी, पुढं तिसरा बसलाच पाहिजे असं काही नाही. देवराम काही घेत नाही. आणि हल्ली कळवणचं भाडं कुणी विचारलं की नाक्यावरचे सगळे त्याच्याकडं बघतात. तो नाही म्हणतो. मग त्या दिवशी जेवत नाही.

मी त्याला म्हटलं, अरे ती दारावर हात ठेवून उभी होती, अजून काय पाहिजे होतं तुला? तर म्हणाला, तिनं पाय ठेवला होता तो मालनबाईंसाठी का माझ्यासाठी, ते आधी सांग. मला नाही सांगता आलं. तू सांग आता. मागं एसटी हॉर्न मारतीये, बूच तुझ्या हातात गरम आहे, आणि ती अजून उभी आहे. तू काय केलं असतंस?