अकरा टाक्यांची खूण

लातुरात जुन्या गाड्यांचे शौकीन निघतील असं भूकंपाच्या साली कुणी म्हणालं असतं, तर गंजगोलाईतल्या चहावाल्यानेसुद्धा त्याला वेड्यात काढलं असतं. पण पुढे क्लासेसचं पेव फुटलं, गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या भुजंग सरांच्या तीन मजली क्लासच्या आवारात एक काळी लँडमास्टर मोटार येऊन उभी राहिली. मग काय विचारता! डॉक्टर, वकील, अडते असे दहा-बाराजण जमले आणि त्यांनी चक्क मंडळच काढलं. दरसाल मेळावा भरवायचा, आणि कारखान्यातून निघाल्यापासून जिला कुणी नव्याने रंगवलं-सजवलं नाही अशा गाडीला ‘जशीच्या तशी’ म्हणून दाखला द्यायचा असं ठरलं. दाखला द्यायचा तर पारखणारे हवेत, आणि पारखणाऱ्यांची परीक्षा घेणाराही हवा. तो उदगीरला सापडला. बसवराजअप्पा, सत्तरी ओलांडलेले, सगळी हयात गाड्यांत घालवलेले, आणि तोंडाने महा फटकळ.

हनीफ त्या परीक्षेला बसला तेव्हा त्याला वाटलं होतं, यात काय मोठंसं! पंचवीस वर्षं तो डेंटिंग-पेंटिंग करत होता. चेंबलेला पत्रा तो असा उठवून द्यायचा, की ठोकर कुठे लागली होती ते खुद्द मालकालाही सांगता येऊ नये. अप्पांच्या शेडमध्ये तीन गाड्या उभ्या होत्या. हनीफने त्यातल्या आरशासारख्या फियाटवरून दोन तास हात फिरवला, कुठेच काम झालेलं सापडलं नाही, म्हणून हीच जशीच्या तशी असं छातीठोकपणे लिहून दिलं आणि सपशेल नापास झाला.

“हनीफभाई, ही तुमच्यासारख्याच कुणा उस्तादाच्या हातची हाय,” अप्पा म्हणाले. “तुमची नजर मार पुसायला शिकलेली. आता मार शोधायला शिका. पन्नास वर्षं जगलेली गाडी, तिला कुठंतरी लागलेलं असतंच. अन् एक ध्यानात ठेवा. कागदात अपघात लिहिलाय अन् अंगावर खूण न्हाई, तिथं सही करायची न्हाई. एकतर खूण झाकलीय, न्हाईतर गाडीच दुसरी हाय.”

हनीफला ते लागलं. वर्षभर तो दर जुम्म्याला नमाज झाल्यावर उदगीरची बस धरत राहिला. रंगाचा थर चिमटीत कसा ओळखायचा, दाराच्या रबराखाली काय बघायचं, जिथे कुणाची नजर जात नाही तिथेच आधी बोटं कशी न्यायची, हे सगळं त्याने त्या फटकळ म्हाताऱ्याच्या शिव्या खात आत्मसात केलं. दोन हजार आठच्या जानेवारीत तो पुन्हा परीक्षेला बसला. या खेपेला अप्पांनी गाडीबरोबर तिचे कागदही दिले होते. निलंग्याच्या रस्त्यावर झाडाला धडकली, डावा मडगार्ड फाटला, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. हनीफने डोळे मिटून डाव्या मडगार्डवर तासभर बोटं फिरवली. ना पुट्टी, ना जोड, ना ठोकल्याची लाट, सगळा कारखान्याचा पत्रा. त्याने कागद परत केले आणि म्हणाला, “अप्पा, ह्या गाडीला इथं कधी लागलेलंच न्हाई. ही ती गाडी न्हाई.”

अप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, परीक्षक म्हणून पत्र दिलं, पितळी बिल्ला दिला. हनीफ येताना पेढे घेऊन आला. त्या दिवशी त्या घरात किती आनंद होता म्हणून सांगू! त्याच्या बायकोने, रईसाने, शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि बारावीच्या अभ्यासात बुडालेला फरहान पुस्तक मिटून बापाचा बिल्ला स्वतःच्या शर्टाला लावून घरभर मिरवला.

आठवड्याने फरहानने मेडिकलच्या परीक्षेचा फॉर्म आणला. आदल्या साली कुठेकुठे पोरांच्या जागी डमी बसवले गेले होते, म्हणून यंदा कडक काम होतं. शरीरावरची ओळखखूण पालकाने आपल्या हाताने लिहायची, खाली सही करायची, मग कॉलेजात मुलाला समोर उभं करून ती ताडून बघणार आणि शिक्का मारणार. हनीफने चष्मा लावला आणि पहिलीच्या दाखल्यापासून जे लिहीत आला होता तेच लिहायला घेतलं. डोक्यावर डाव्या बाजूला, कानाच्या वर, अकरा टाक्यांचा व्रण.

“अब्बा, कसला व्रण?” फरहान वाकून बघत म्हणाला. “माझ्या डोक्यावर कायच न्हाई.”

हनीफ हसला. मग त्याने पोराला जवळ ओढून केस बाजूला सारले, आणि त्याचं हसू तसंच थिजलं.

त्र्याण्णव साली रईसाला टायफॉइड झाला होता, म्हणून अडीच वर्षांच्या फरहानला तिच्या आईकडे, किल्लारीच्या अलीकडच्या गावात पाठवलेलं होतं. पहाटे जमीन हलली. हनीफला रस्ता मिळेमिळेतो दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. नानीचं घर दगडामातीचा ढीग होऊन पडलं होतं, नानी गेली होती, आणि डोकं बांधलेलं पोर छावणीच्या तंबूत एका परक्या बाईच्या मांडीवर होतं. हनीफला बघून त्याने हात पसरले. पुढे दहा दिवसांनी कंपाउंडरने टाके काढले तेव्हा पोराचं डोकं हनीफच्याच मांडीवर होतं. पोर रडून रडून निळं पडलं होतं, आणि काहीतरी करायचं म्हणून हनीफ मोठमोठ्याने टाके मोजत होता. अकरा होते. यात चूक होणं शक्यच नव्हतं.

त्याने पोराला अंगणातल्या उन्हात बसवलं. डोळे मिटले आणि अप्पांनी शिकवल्याप्रमाणे बोटं नेली, आधी कानामागे, मग केसांच्या मुळाशी, मग हळूहळू वर. कातडी सगळीकडे सारखी होती. वळ नाही, उंचवटा नाही, केस विरळ झालेले नाहीत. या डोक्याला कधी काही लागलेलंच नव्हतं. हनीफ मनातून घाबरला.

“गुदगुल्या व्हायल्यात, अब्बा,” फरहान म्हणाला आणि हसत क्लासला निघून गेला.

रईसा चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. “मला ठाव हाय,” ती म्हणाली. “चार वर्षांचा होता, न्हाऊ घालताना दिसलं. आदल्या जुम्म्याला वण होता, त्या जुम्म्याला न्हवता. मी कुणाला बोलले न्हाई.”

“बोललीस का न्हाईस?”

“काय बोलू? हा आपला न्हाई म्हणू? मग त्याला ताप आला की रातभर कुणी जागायचं? ह्याच हातानं मोठा केला मी त्याला. लिहा, खूण न्हाई. फरहानचे अब्बा, तुमच्या पाया पडते, खूण न्हाई असं लिहा.”

“मग ते मांडीवरचं पोर कुठं गेलं, रईसा?”

रईसाने पदराने तोंड पुसलं आणि परात पुढे ओढली.

तीन दिवस फॉर्म तसाच पडून राहिला. हनीफ कामावर जायचा, जेवायचा, फरहानच्या ताटात भाजी वाढायचा, त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मधेच हात काढून घ्यायचा. हा पोरगा त्याला जिवापाड प्यारा होता, यात काडीचाही खोटेपणा नव्हता. पण ते निळं पडलेलं पोर कुणीच शोधलं नाही, कुणीच त्याच्यासाठी रडलं नाही, आणि आता बापानेच ‘खूण नाही’ असं लिहिलं तर ते कधी होतं याला कागदाचाही आधार उरणार नव्हता. निदान एका ओळीत तरी ते राहू दे, असं त्याला वाटलं. शेवटच्या दिवशी सकाळी रईसा पाण्याला गेलेली असताना त्याने अकरा टाक्यांचा व्रण लिहिला, खाली सही केली आणि फॉर्म फरहानच्या हातात दिला. कॉलेजवाले खूण नाही म्हणून परत पाठवतील, मग बघू, असं त्याने स्वतःला समजावलं.

फरहान दुपारी आला. नेहमी चपला भिरकावून आत शिरणारा पोरगा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“ये की आत,” हनीफ म्हणाला. “काय झालं?”

त्याने फॉर्म पुढे केला. खुणेच्या ओळीसमोर बरोबरची टिक होती आणि निळा शिक्का होता. हनीफ उठला, त्याला हाताला धरून बाजेवर बसवलं आणि कानावरचे केस सारले. व्रण होता. अकराच्या अकरा टाके, लालसर, जणू आज सकाळीच धागे ओढून काढलेत. केसांच्या मुळाशी पांढरी माती अडकलेली होती, आणि तिला नानीच्या घराचा वास येत होता. हनीफला रडू फुटलं, त्याने ते डोकं छातीशी घट्ट धरलं.

“अब्बा,” पोर म्हणालं, “लई उशीर केला तुम्ही.”

रईसा आतल्या दारात येऊन उभी होती. पोराने तिच्याकडे पाहिलं, ओळखल्यासारखं केलं, मग त्याची नजर भिंतीकडच्या टेबलावर गेली. तिथे रसायनशास्त्राच्या नोट्स उघड्या पडल्या होत्या, पेनाचं टोपण काढलेलं होतं आणि खुर्चीच्या पाठीवर पितळी बिल्ला लावलेला शर्ट होता.

“अम्मी, ही पुस्तकं कुणाची?”

“फरहानची,” रईसा म्हणाली, आणि तिने मोठ्या केलेल्या त्या पोराची क्लास सुटायची वेळ झाली म्हणून रस्त्याकडे बघत राहिली.