माझं म्हणणारी

माझ्या बापाचा मला अजून राग येतो. तो जाऊन बरीच वर्षं झाली, तरी येतो. गावातल्या बायका सांगतात, केशर, मेलेल्या माणसावर राग धरू नये. धरू नये तर नये, पण तो काय मला विचारून येतो? चुलीपुढे बसून नाचणीचं पीठ परातीत घेतलं की हटकून येतो.

आमचं गाव नंदिगड्ड्याच्या वरच्या अंगाला, सोळा घरांचं. खाली ओढ्याकाठी भाताचे चार तुकडे आणि वर डोंगर. पोट भरायचं ते डोंगरावरच. थंडीत उतारावरची झुडपं तोडायची, वाळली की पेटवायची आणि पाऊस लागला की त्या राखेत नाचणी टाकायची. याला आम्ही कुमरी म्हणतो. प्रत्येक घराची एकेक डोंगरकूस ठरलेली होती. तिच्यातला एक तुकडा दोन वर्षं पेरायचा, मग तो सोडून शेजारचा धरायचा. सोडलेल्या तुकड्यावर दहा-बारा वर्षांत पुन्हा रान माजायचं. कोणी कोणाच्या कुशीत कोयता घालत नसे, आणि त्यावरून कधी तंटा झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

कुमरी तोडण्याआधी एका झाडाखाली नारळ फोडायचा आणि डोंगराच्या राखणदाराला सांगायचं, दोन वर्षं राबतो, मग तुझं तुला देतो. ते झाड तोडायचं नाही. आणि एक गोष्ट तोंडातून काढायची नाही. डोंगरावर उभं राहून 'हे माझं' म्हणायचं नाही. भाताचा तुकडा माझा म्हणावा, बैल माझा म्हणावा, पण डोंगर नाही. लहानपणी मी एकदा चुकून म्हटलं होतं, तर बापानं माझ्या तोंडावर चापट मारून मला झाडापुढे नाक घासायला लावलं होतं. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "देवाचं हाय, आमी राबतो."

बापाचं नाव येसाजी. मी त्याची एकुलती एक. माझा नवरा, नारायण, लाकूडतोडीच्या कामावर ओंडक्याखाली सापडून गेला तेव्हा परशू चार वर्षांचा होता आणि वासू एकाचा. मी दोघांना घेऊन बापाकडे आले. बापाचे गुडघे धरले होते, तेव्हा डोंगर माझ्याच अंगावर पडला. तोडणं, पेटवणं, पेरणं, रात्रीची रानडुकरं हाकणं, सगळं मी करायची. दोन वर्षं मी ती कूस एकटीनं ओढली. ती गेली असती तर माझ्या पोरांना त्याच ओंडक्यांखाली जावं लागलं असतं, जिथं त्यांचा बाप गेला.

आणि मग ती जायची वेळ आली. सरकार जंगलाची हद्द पक्की करत होतं. हद्दीच्या आत कोयता चालवला तर तुरुंग. मात्र ज्याची जुनी वहिवाट असेल त्यानं साहेबापुढे येऊन तसं सांगावं, म्हणजे तेवढा तुकडा त्याच्या नावावर लागेल, अशी दवंडी पिटली. साहेबाचा तंबू नंदिगड्ड्याच्या माळावर पडला. मी बापाला हाताला धरून घेऊन गेले. वाटेत तीनतीनदा बजावलं.

"बा, नुस्तं माझं हाय म्हनायचं. दुसरं काय बी बोलू नगंस."

"बगू," बाप म्हणाला.

तंबूपुढे आमच्या गावचे लोक रांगेत उभे होते. साहेब गोरा, खुर्चीत बसलेला. विचारायचं काम कारकुनाचं. तो धारवाडकडचा होता, मराठी कानडी हेल काढून बोलायचा. गुणा पुढे गेला. कारकुनानं विचारलं, "ह्यो उतार कुणाचा?" गुणा हात जोडून म्हणाला, "देवाचा." कारकुनानं लिहिलं. त्याच्यामागून कृष्णा गेला, त्यानंही हेच सांगितलं. एकामागून एक पंधरा घरं गेली आणि पंधरा वेळा देवाचं नाव निघालं. देवाचं म्हणजे कुणाचंच नाही, आणि कुणाचंच नाही ते सरकारचं, असा तिकडचा हिशेब. पंधरा डोंगरकुशी एका सकाळीत सरकारजमा झाल्या आणि आमची माणसं खरं बोलल्याच्या समाधानात झाडाखाली तंबाखू मळत बसली. मला त्या प्रत्येकाला धरून हलवावंसं वाटत होतं.

रांगेत रामनगरकडचा मारुती पण होता. मूळचा खानापुराकडचा, दुकानदार, डोक्याला फेटा. आमचे डोंगर त्यानं बैलगाडीतून येता-जाता पाहिले असतील तेवढेच. तो पुढे गेला आणि कारकुनानं पुरतं विचारायच्या आधीच म्हणाला, "माझं. आज्यापासनं आमचंच." सरकारजमा झालेल्यांतले दोन उतार त्याच्या नावावर लागले. त्याची जीभ अडखळली नाही की डोळा खाली गेला नाही.

मग बाप. मला पट्टेवाल्यानं तंबूच्या दाराशीच अडवलं.

"अज्जा, बेलाच्या झाडापासनं ओढ्यापतोर, ही कूस कुणाची?"

बापानं वर डोंगराकडे पाहिलं. कारकून वाईट माणूस नव्हता. पंधरा वेळा तेच ऐकून त्यालाही कळलं असावं. त्यानं लेखणी खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "अज्जा, माझी म्हणा. येवढंच. पुढचं मी लिवतो."

बापानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण रे बाबा, एक शब्द आहे.

"माजी कशी म्हनू?" तो म्हणाला. "मी उद्या मरनार. डोंगर काय माज्याबरूबर येनार हाय?"

साहेबानं घड्याळ पाहिलं. तेवढ्यात मागून मारुती बोलला, "त्यो न्हाई म्हनतोय तर माझ्या नावानं लिवा रावसाहेब. पडीक कशाला ठेवायची?"

माझ्या डोक्यात काय गेलं मला ठाऊक नाही. मी पट्टेवाल्याला ढकललं आणि आत शिरले. टेबलावर हात आपटला, दौत कलंडली.

"माझी हाय!" मी ओरडले. "ऐकलं? माझी! कोयता माझा, घाम माझा, ह्या हातांवरचे भाजलेले डाग बगा! कूस माझी हाय!"

बाहेर तंबाखू मळणारे हात थांबले. साहेबानं कारकुनाला काहीतरी विचारलं, कारकुनानं बराच वेळ समजावून सांगितलं, मला नवरा कुठे, पोरं किती, त्यांची नावं काय असं विचारून घेतलं आणि मग कागदावर माझा अंगठा घेतला. मारुती थुंकला आणि चालता झाला. मी जिंकले होते. सोळा घरांत फक्त आमची कूस राहिली होती.

परत येताना मी बापाचा हात धरायला गेले तर त्यानं काढून घेतला. दुखऱ्या गुडघ्यांनी तो सगळी वाट एकटा चालला.

कुमरी पेरायची तशी पेरली. नारळ फोडायला गावातलं कोणी आलं नाही, मीच फोडला. नाचणी चांगली आली. पहिली भाकरी थापली आणि बापापुढे ठेवली. त्यानं ताट हातानं सरकवलं.

"त्या कुशीचं हाय न्हवं?"

"मग कुनाचं असनार?"

"मग मला नगं."

तेव्हापासून मरेपर्यंत बापानं त्या डोंगराचं काही खाल्लं नाही. ओढ्याकाठचा भात मिळाला तर भात, नाहीतर परसात लावलेली कणगी, रताळ्यासारखे ते कंद, उकडून खायचा. मी भांडले, रडले, उपाशी राहिले. एकदा ताट उचलून अंगणात भिरकावलं. माझ्या घामाचं अन्न त्याला विटाळाचं वाटत होतं, आणि वर त्या घामावर वाढणाऱ्या माझ्या पोरांना तो मांडीवर घेऊन खेळवायचा. यापेक्षा त्यानं मला मारलं असतं तर बरं होतं.

मानमोडीची साथ आली त्या साली बाप पडला. घरात भाताचा दाणा नव्हता, कणगी संपली होती. मी नाचणीची आंबील केली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं दात घट्ट मिटले.

"बा, तोंड उगड. सगळी मरायला लागल्याती, हट्ट करू नगंस."

आंबील ओठांवरून गळ्यावर ओघळली. तापानं डोळे लाल झाले होते, पण शुद्ध होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दात सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेला. मला वाटलं, राखणदाराच्या भीतीनं गेला. भित्रा म्हातारा, मी म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं, लोक जमलेले असताना.

पोरं मोठी झाली. परशूला मी सुप्याच्या शाळेत चार यत्ता शिकवलं, नातेवाइकांकडे ठेवून. कागद वाचणारा घरात एक असावा म्हणून. आमच्याभोवती सगळं बदललं होतं. गुणाची पोरं लाकूडतोडीवर जायची, कृष्णाचं घर गाव सोडून गेलं होतं. आम्ही तेवढे डोंगर धरून होतो. पण डोंगराचं काहीतरी बिनसलं होतं. कूस नावावर लागली तेव्हाच कारकुनानं सांगितलं होतं, एवढीच जमीन, आणि पडीक टाकली तर काढून घेऊ. म्हणून सगळी कूस दरसाल पेरत राहिलो. विश्रांती नाही, रान माजणं नाही. पावसानं माती ओढ्यात जाऊ लागली, नाचणी गुडघ्याएवढी व्हायची ती वितीवर आली. मला कळत होतं आणि मी पेरत होते.

जमीन आटली तशी पोरांची भांडणं वाढली. माझा कोयता, माझी परात, माझा बैल. दोघांची लग्नं झाल्यावर तर रोज. शेवटी वाटणी ठरली. मला कोणी विचारलं नाही. एका सकाळी डोंगरावर गेले तर दोघं भाऊ मधोमध धोंड्यांची ओळ मांडत होते. ओळ बरोबर बापाच्या झाडाशी येऊन अडली होती. नारळ फोडायचं तेच किंदळीचं झाड.

"झाड माझ्या वाटनीत," वासू म्हणाला.

"मूळ माझ्याकडं हाय, माझं," परशू म्हणाला.

दुपारपर्यंत शिव्या चालल्या. मग दोघांचं एकमत झालं. तुला नको, मला नको, झाडच तोडू, म्हणजे ओळ सरळ जाईल. अख्ख्या वाटणीत त्यांचं पटलं ते एवढ्याच गोष्टीवर. वासूनं कुऱ्हाड उचलली.

मी झाडाला पाठ लावून उभी राहिले.

"आये, बाजूला हो."

मला म्हणायचं होतं, देवाचं आहे. बाप म्हणायचा तसं, दोन शब्द. तोंड उघडलं. शब्द येईनात. ज्या बाईनं भर तंबूत माझं, माझं करून दौत सांडली, तिनं आता देवाचं नाव कुठल्या तोंडानं घ्यावं? माझी पोरं माझ्याच तोंडावर हसली असती. मग मला येत होतं तेच मी बोलले.

"झाड माझं हाय! सगळी कूस माझी हाय! मी भांडून घेतलीया!"

परशूनं कमरेच्या पिशवीतून कागद काढला. वाटणीसाठी घरातून आणला होता. त्यानं बोट फिरवत वाचून दाखवलं. जमीन परशू आणि वासू या दोन अज्ञान मुलांची. आई केशर, मुलं जाणती होईपर्यंत पालन करणारी.

"तुजं नाव मालकीन म्हनून न्हाई आये," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, शाळेत वाचतात तसं त्यानं वाचलं. "आमी जानते झालो. आता हो बाजूला."

वासूनं माझा दंड धरून मला हलवलं. हाताला जोर होता, माझ्याच नाचणीवर वाढलेला हात. मी ओरडत राहिले. कारकुनाला शिव्या दिल्या, साहेबाला दिल्या, पोरांना दिल्या, सगळ्यात जास्त बापाला दिल्या. झाड संध्याकाळपर्यंत पडलं.

रात्री धाकट्या सुनेनं, पारूनं, ताट पुढे ठेवलं. नाचणीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. दिवसभर पोटात काही नव्हतं. मी भाकरीकडे पाहिलं आणि ताट हातानं सरकवलं.

"आत्या, जेवा की," पारू म्हणाली.

"मला नगं."

वासू जेवता जेवता थांबला. "आज्यासारकं सोंग कशाला घेतीस? तुला बी राखनदाराचं भ्या वाटाया लागलं?"

भीती! मला हसू आलं. माझ्या अंगात त्या वेळी भीती नावाची गोष्ट नव्हती. नखापासून शेंडीपर्यंत नुसता राग होता, दात आपोआप आवळले गेले होते. आणि मला मांडीवरचं बापाचं डोकं आठवलं, ओठांवरून ओघळणारी आंबील, ते लाल डोळे. नऊ वर्षं मी ज्याला भित्रा म्हटलं तो भ्यायला नव्हता. तो माझ्यावर रागावला होता. मरेपर्यंत रागावला होता, आणि एका शब्दानं बोलला नव्हता.

निदान भांडायचं तरी होतंस, बा.

मी उठले, परसात गेले आणि कणगी खणायला लागले.