गिलिट चढवलेला गुण्या

मी गुण्या बोलतोय. गवंडी दोन भिंतींचा कोपरा जुळवताना जे काटकोनी लोखंड लावून बघतो, तोच मी. आजवर मखमलीवर पडून सगळं मुकाट ऐकलं. आज चढ्या आवाजात बोलणार आहे. परवाच्या बैठकीत माझ्या शेजारी जे घडलं, ते गिळून बसणं मला जमत नाही.

माझा जन्म अचलपूरच्या एका लोहाराच्या भट्टीवर झाला. अंजनगाव सुर्जीचे शेषराव गवंडी मला घ्यायला स्वतः आले होते. त्यांनी माझी किंमत विचारण्याआधी मला तपासलं. फळीच्या कडेला माझी आखूड भुजा टेकवली आणि लांब भुजेच्या कडेनं रेघ ओढली. मग मला उलटं केलं आणि त्याच जागेवर पुन्हा रेघ ओढली. दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या तेव्हा ते हसले.

"उलटून पाह्यल्याशिवाय गुण्यावर भरोसा ठेवू नाही," ते लोहाराला म्हणाले. "सरळ बाजूनं तं सगळेच बरोबर दिसतात."

पुढे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते मला उलटून बघायचे. मला त्याचा कधी राग आला नाही. तपासून घेतल्याचा राग खोट्याला येतो. खंडेनवमीला ते मला धुऊन पाटावर मांडत, हळदकुंकू लावत आणि त्या दिवशी मला हात लावत नसत. वर्षातली माझी तेवढीच सुट्टी.

अमरावतीत समकोन बंधुमंडळाचा हॉल बांधायला घेतला तेव्हा शेषरावांचं नाव झालेलं होतं. मंडळाचे संस्थापक मोरोपंत वकील रोज संध्याकाळी बांधकामावर येत. माणूस चांगला होता, बोलायचाही छान. दूरच्या देशात दगडी देवळं बांधणारे पाथरवट होते, त्यांच्या अवजारांवरून अशा बंधुमंडळांनी आपल्या खुणा घेतल्या, असं ते सांगत. गुण्या म्हणजे नीट वागणूक. ओळंबा म्हणजे सरळ उभं राहणं. पाणसळ म्हणजे सगळे एका पातळीवर. आणि कंपास म्हणजे स्वतःला घालून घेतलेली मर्यादा.

एकदा त्यांनी ओल्या गिलाव्यावर कंपासनं अर्धवर्तुळ काढलं. "शेषराव, या कमानीवर कुठंही एक टिंब दे. त्या टिंबापासून खालच्या रेघेच्या दोन्ही टोकांना रेघा ओढ. आता गुण्या लाव."

शेषरावांनी मला लावलं. काटकोन निघाला. टिंब बदललं. पुन्हा काटकोन. कडेला घेतलं, माथ्यावर घेतलं, तरी तोच.

"बघितलंस? कमानीवर कोणी कुठंही उभा असो, त्याचा कोन तोच. कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही. हेच आमचं बंधुत्व."

शेषराव बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिले. त्यांना ते फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला सांगू. आपल्या अंगात एवढा अर्थ आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

काम संपत आलं तेव्हा मोरोपंतांनी मला मागून घेतलं. "ज्या गुण्यानं हा हॉल उभा केला, तोच आमच्या शपथेला हवा."

"मंग मी काम कायनं करू, वकीलसाहेब?"

"दुसरा घे."

शेषरावांनी मला देऊन टाकलं. उद्घाटनाच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, व्हरांड्यातल्या नळावर पाय धुऊन ते दाराशी आले. मोरोपंतांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "आत फक्त शपथ घेतलेले बंधू, बरं का. तू बस इथं, प्रसाद पाठवतो." दार लागलं. ते दारही शेषरावांनीच काटकोनात बसवलेलं होतं. फट नव्हती.

आत मी मखमलीवर. समोर भिंतीवर तेच अर्धवर्तुळ, आता सोनेरी रंगात. नवा बंधू आला की माझ्यावर उजवा हात ठेवायचा आणि म्हणायचं, "मी काटकोनात वागेन." किती हात आले. डॉक्टरांचे, प्राध्यापकांचे, बागाईतदारांचे. मात्र मला कोणी कुठल्या कोपऱ्याला लावलं नाही. उलटून तर कोणीच बघितलं नाही. ज्याला तपासायचं असतं, त्याचीच यांनी पूजा मांडली.

अमृतमहोत्सव आला. अध्यक्ष खुशालराव, वरूडकडचे मोठे संत्रा बागाईतदार. त्यांना माझा काळपट रंग खुपला. "गिलिट करून आणा त्याले. फोटोत चांगला दिसला पाह्यजे."

मला अकोल्याला नेलं. तिथं घासताना पॉलिशच्या चाकानं मला हिसकावलं आणि फरशीवर भिरकावलं. टोकावर आपटलो. कारागिरानं मला उचललं, पुसलं आणि वर सोन्याचं पाणी चढवलं. माझा कोन मिटला होता, नव्वदाहून थोडा कमी. मला ते आतून कळलं होतं. अमरावतीत कोणालाच कळलं नाही. टाळ्या पडल्या. त्यानंतर जेवढ्या शपथा झाल्या, तेवढ्या वाकड्या गुण्यावर झाल्या.

आता परवाची गोष्ट.

मोरोपंतांचा नातू सोहम अकोल्याला वकिली करतो आणि मंडळाचा बंधू आहे. त्यानं एका नव्या माणसाचं नाव सुचवलं होतं. गजेंद्र, अंजनगावच्या शाळेत भूमिती शिकवणारा. शेषरावांचा नातू. बैठकीआधी सगळे व्हरांड्यात जमले, आणि गजेंद्रला बघता यावं म्हणून सोहमनं मला बाहेर आणलं.

गजेंद्रनं मला दोन्ही हातांनी घेतलं. हाताची ठेवण तीच.

"माह्ये बाबा, नत्थुजी, आता अंथरुणालाच हायेत," तो म्हणाला. "आजोबा मरेपर्यंत सांगत, आपला गुण्या आत हाये. बाबा मले म्हणतात, तू एकदा आत जाऊन ये अन् सांग, त्या भिंतीवर अजून ते अर्धवर्तुळ हाये का. दुसरं काई नाही मागत ते."

खुशालरावांनी संत्रं सोललं आणि फोडी गजेंद्रच्या हातावर ठेवल्या. बाकीच्यांच्या हातात चहाचे कप होते. "खा मास्तर. आमच्या बागेतलं हाये. तुमच्या आजोबानं हॉल बांधला, तुमी तं घरचेच."

गजेंद्रनं फोडी खाल्ल्या, रुमालानं हात पुसले आणि मला बाकाच्या कडेला टेकवलं. "आजोबा रोज उलटून पाहात म्हणे."

"घासू नका जी, गिलिट जाईन," खुशालराव म्हणाले आणि मला काढून घेतलं.

मग बंधू आत गेले. गजेंद्र व्हरांड्यात बसला, आजोबा बसले होते तिथंच. दार लागलं.

मंडळाची रीत अशी. नवा माणूस घ्यायचा तर प्रत्येकानं झाकलेल्या पेटीत एक गोटी टाकायची. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. एक जरी काळी निघाली तरी नाव बाद, आणि ती कोणी टाकली हे विचारायचं नाही. पेटी माझ्या शेजारी ठेवतात. एकेक मूठ आत गेली, रिकामी बाहेर आली. एका मुठीला संत्र्याच्या सालीचा वास होता.

पेटी उघडली. पांढऱ्या गोट्यांत एक काळी.

"काका, हे कोणी केलं?" सोहम म्हणाला.

"इचारत नसतात," खुशालराव म्हणाले. "नियम तुह्या आजोबानंच केला हाये."

"कारण तरी?"

"कारण काय राहते? मास्तर गुणी हाये, कोण नाही म्हणते? पण आजोबा भिंत बांधाले आला अन् नातू मांडीले मांडी लावून बसला, तं उद्या पेंटरचाही नातू येईन."

दोघे-तिघे हसले. बाकीचे पायाच्या नखांकडे बघत राहिले. ते अर्धवर्तुळ त्यांच्या डोक्यावर होतं.

सोहमनं मला मखमलीवरून उचललं. खिशातली पेन्सिल काढली. मेजाच्या कडेला मला टेकवून रेघ ओढली, मला उलटं केलं, त्याच जागेवरून पुन्हा ओढली. दोन रेघा खाली एकत्र होत्या आणि वर जाता जाता चिमणीच्या चोचीसारख्या फाकल्या.

"हा वाकडा आहे," तो हळूच म्हणाला. "आपण याच्यावर शपथा घेतो."

खुशालरावांनी वाकून बघितलं. "असन. पण दिसून तं नाही राह्यला ना?"

त्यांनी मला पुन्हा मेजावर ठेवलं, रेघांवर मखमल ओढली आणि चहा सांगितला. सोहम दाराकडे गेला. दार उघडल्यावर मला व्हरांड्याचा तुकडा दिसला. गजेंद्र उठून उभा राहिला होता, चपला बाजूला काढून. त्यानं सोहमचं तोंड बघितलं. "भिंतीवर ते हाये का अजून, एवढंच सांगा जी," तो म्हणाला. सोहमनं होकारार्थी मान हलवली. गजेंद्रनं चपला घातल्या.

मला गवंड्याच्या हातातून काढून घेतलं, ते मी सोसलं. पण मला अर्थ दिलात आणि मग त्या अर्थावर थुंकलात, हे सोसणार नाही. खूण काढणं सोपं आहे. तिला लावून स्वतःला बघणं तुमच्यातल्या एकालाच सुचलं, आणि तोही मला मेजावर सोडून गेला.

सोहम, ऐकतोयस ना? मला अंजनगावला घेऊन जा. मिटलेला कोन उघडायची रीत सोपी आहे. आतल्या कोपऱ्यावर पंच धरायचा आणि वरून हातोडीचा घाव घालायचा. लोखंड तिथं पसरतं आणि भुजा जागेवर येते. गिलिट उडेल, उडू दे. नत्थुजींच्या खाटेजवळ बसून गजेंद्र घाव घालेल, मला उलटून बघेल, पुन्हा घालेल. मी हूं की चूं करणार नाही.

आणि तोवर कोणी नवा बंधू आलाच, तर बाबा, माझ्यावर हात ठेवण्याआधी एवढं कर. मखमल उचल. खाली दोन रेघा आहेत. त्या बघ आणि मग बोल, काय शपथ घेतोस ते.